मंत्रिमहोदय, अ‍ॅड्रेनालिन कुठल्या खात्यात येतं?

माननीय मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

हे पत्र नक्की कुठल्या खात्याच्या मंत्र्यांना लिहायचं ते मला अजून समजलेलं नाही, म्हणून वर नाव घातलेलं नाही. सार्वजनिक आरोग्य एकीकडे, औषधं वैद्यकीय शिक्षणाच्या खात्याकडे, पालिकेचे दवाखाने पालिकेकडे आणि औषधाला परवानगी देणारे साहेब दिल्लीत. तेव्हा आपल्यापैकी जे कुणी वाचतील त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजावं ही विनंती.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कचेरीतून मला उत्तर आलं. तिथल्या साहेबांनी समोर बसवून, चहा पाजून शब्द दिला होता की, महिन्याभरात दवाखान्यांना परिपत्रक निघेल: अ‍ॅलर्जीवरच्या सुया देता तिथं अ‍ॅड्रेनालिन, म्हणजे जिवावरची अ‍ॅलर्जी उतरवणारं औषध, हाताशी ठेवा. पावसाळा सरला, दिवाळी झाली. आलं ते एवढंच: 'सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' वाचून हसूच आलं. अर्जाच्या आधी मीच निकाली निघायची, थोडक्यात वाचले.

मी चेंबूरला राहते, फोर्टात एका खासगी पेढीत हिशेब लिहिते. दमा लहानपणापासून आहे. वडील गिरणीत होते. कापसाच्या धुळीनं त्यांची छाती गेली आणि माझी कशानं, ते देव जाणे. पंप, नेब्युलायझर, दर हिवाळ्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, हे सगळं करून झालं. हाडं ठिसूळ व्हायला लागली तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी ओमालिझुमॅब हे अ‍ॅलर्जीच्या दम्यावरचं इंजेक्शन सुचवलं. रक्तातलं आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रथिन, आणि वजन पाहून डोस ठरतो आणि दोन किंवा चार आठवड्यांनी कातडीखाली सुई घ्यायची. किंमत सांगत नाही, नाहीतर आपण एखादी योजना जाहीर कराल. एवढंच सांगते की, आमच्या घरातली एक एफडी त्यात गेली.

आणि औषध लागू पडलं, हेही लिहून ठेवते. भांडण औषधाशी नाही. कित्येक वर्षांनी मी उशांचा ढीग न रचता आडवी झोपले. जिना चढताना मधे थांबायचं विसरले.

पहिल्या काही वेळेस इंजेक्शननंतर मला बाकावर बसवून ठेवायचे. नंतर बाक कमी पडायला लागले. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला काही होत नाही हो ताई, निघा तुम्ही, बाहेर पेशंट उभे आहेत." मी निघाले. रिक्षात बसल्यावर आधी तळहात खाजायला लागले. मग ओठांना मुंग्या आल्या, जीभ जाड झाली, कानामागं आग पेटल्यासारखं झालं. दमाच उठला म्हणून निळा पंप मारला, दोनदा, चारदा. काही उपयोग नाही. कारण ते दम्याचं नव्हतंच, घसा आतून सुजत होता. रिक्षावाल्या भाऊंनी आरशात माझं तोंड बघितलं आणि मी न सांगताच नाक्यावरच्या नर्सिंग होमच्या दारात रिक्षा घातली. त्यांचं भाडं द्यायचं राहिलं ते राहिलंच.

तिथं मला काय दिलं? अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्ट, एक खाजेवरचं औषध, दुसरं स्टिरॉइड. आपल्याकडं अंगावर गांधी उठली की हेच देतात, साप चावला तरी आधी हेच देतील. ब्लड प्रेशर ऐंशीवर आलेलं. एक शिकाऊ डॉक्टर मुलगी सारखी ओरडत होती, "अ‍ॅड्रेनालिन कुठंय?" अ‍ॅड्रेनालिन वरच्या मजल्यावरच्या कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली ज्यांच्याकडं त्या जेवायला गेलेल्या. शेवटी कुणीतरी कुलूप उचकटलं. त्या पोरीनं काचेच्या कुपीची मान मोडली, सलवारीवरूनच मांडीत सुई खुपसली आणि काही मिनिटांत माझ्या घशातून हवा जायला लागली. तिचे हात थरथरत होते, एवढं मला स्पष्ट दिसलं.

मंत्रिमहोदय, याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी, आणि हे काही कुणाला ठाऊक नसलेलं गूढ नाही. ओमालिझुमॅबला अमेरिकेत २००३ मध्ये परवानगी मिळाली आणि २००७ मध्ये तिथल्या सरकारनं त्याच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. तिथली सगळ्यात कडक चौकट ती. इशारा असा की, ही प्रतिक्रिया पहिल्या डोसला येऊ शकते आणि वर्षभर बिनत्रासाचं घेतल्यावरही येऊ शकते. प्रमाण हजारात दोघांच्या आसपास. आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. मलाही वाटला असता, त्या दोघांत माझा नंबर लागला नसता तर. तिथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांच्या संघटनांनी साधा हिशेब घालून दिलाय: पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर दोन तास थांबवा, पुढच्या प्रत्येक वेळी अर्धा तास, आणि अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवा. २०१४ मध्ये आणखी एक सूचना निघाली, हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे त्रास हे औषध घेणाऱ्यांत किंचित जास्त दिसले म्हणून. हे सगळं कुणीही वाचू शकतं. मी हिशेबनीस बाई, मला सापडलं. आपल्या खात्यांतल्या तज्ज्ञांना सापडायला कितीसा वेळ लागणार?

गंमत म्हणजे जीव वाचवणारी वस्तू सगळ्यात स्वस्त आहे. माझ्या एका इंजेक्शनच्या पैशांत सबंध चेंबूरच्या दवाखान्यांना अ‍ॅड्रेनालिनच्या कुप्या वाटता येतील, मी हिशेब नीट घातलेला नाही, पण फार चुकणार नाही. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ते आहे. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. बस्स. अ‍ॅव्हिलनं खाज थांबते, सुजलेला घसा उघडत नाही आणि पडलेलं प्रेशर चढत नाही. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं अ‍ॅलर्जीची सुई हातात धरू नये, मग ती ओमालिझुमॅबची असो की धुळीच्या किड्यांच्या अर्काची. अशा अर्कांच्या सुया तर १९११ पासून, आधी गवताच्या परागकणांच्या, जगात चालू आहेत आणि त्यानंतरही अर्धा तास बसवायचंच असतं.

बरं, हे झालं महागड्या औषधाचं. आमच्या आजूबाजूच्या वस्तीत दम्याचं इंजेक्शन म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं डेरिफायलिन आणि डेक्सा, एकाच सिरिंजमध्ये. श्वास लागला की जायचं, सुई मारून यायचं, हातोहात बरं वाटतं. डेरिफायलिनचा डोस जरा चढला तर छाती धडधडते, उलट्या होतात, झटकेही येऊ शकतात. डेक्सा म्हणजे स्टिरॉइड. साखर वाढवतं, वरचेवर घेतलं तर तोंड सुजवतं, हाडं पोखरतं. आमच्या शेजारच्या मावशी मधुमेही. त्या दर पंधरवड्याला ही सुई घेतात आणि साखर का उतरत नाही म्हणून भात सोडतात! त्यांना कुणी सांगितलंय? चिठ्ठीवर औषधाचं नावसुद्धा लिहिलेलं नसतं.

आणि लिहिलेलं असलं तरी वाचणार कोण? माझ्या खोक्यातलं माहितीपत्रक पसरलं तर जेवणाचं टेबल झाकतं, अक्षर मुंगीएवढं आणि सगळं इंग्रजीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्ही पेढे वाटले. आता त्या अभिजात भाषेत 'घसा आवळल्यासारखा वाटला तर ताबडतोब दवाखाना गाठा' एवढं एक वाक्य छापून मिळेल का? की दर्जा फक्त ताम्रपटांसाठी आहे?

दुष्परिणाम कळवायची सोय आहे, नाही असं नाही. औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, मुख्य केंद्र गाझियाबादला, फोन १८००-१८०-३०२४. रुग्णालाही स्वतः कळवता येतं, त्यासाठी वेगळा फॉर्म आहे. पण हे ज्या दवाखान्यात सुई घेतली तिथं कुणाला ठाऊक नव्हतं आणि ज्या नर्सिंग होममध्ये वाचले तिथंही नव्हतं. "असलं काही भरत नाही आम्ही," असं उत्तर मिळालं. न भरलेल्या फॉर्मांचीच बेरीज करून आपण विधानसभेत सांगणार की, आमच्याकडं असा एकही प्रकार नोंदलेला नाही.

दवाखान्यावर कारवाई करायला गेले तर नवीनच कळलं. राज्यात नोंदणीचा कायदा आहे तो १९४९ चा, नर्सिंग होमांसाठी. जिथं खाट नाही, नुसता बाक आहे, तो दवाखाना त्यात बसतच नाही. केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे बिनखाटेच्या दवाखान्यांनाही नोंदवायला लावणारा, २०१० चा. तो आपल्या राज्यानं घेतलेला नाही. म्हणजे पाणीपुरीच्या गाडीला परवाना लागतो आणि जिथं माणसाचा घसा बंद पडू शकतो त्या खोलीत कुपी आहे की नाही हे बघायला यायचा कुणाला अधिकार नाही. डॉक्टरांच्या संघटना नाराज होतील म्हणून? होऊ देत की. आमची नाराजी कुठं मोजली जाते?

आणि मुळात मला ही सुई लागली कशाला, तेही विचारा. खिडकीबाहेर पुनर्विकास चाललाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये पालिकेनं धुळीसाठी सत्तावीस कलमांची नियमावली काढली, उंच पत्रे लावा, पाणी फवारा, राडारोडा झाकून न्या. पत्रे लागले. पत्र्यांवर नेत्यांचे वाढदिवसाचे फलक लागले. पाणी मात्र कुणी वरिष्ठ पाहणीला येणार असतील त्या सकाळी. एका बाजूला माहुलच्या रिफायनऱ्या, दुसऱ्या बाजूला ही धूळ, आणि मधे आम्ही एफडी मोडून आयजीई उतरवतोय. आधी हवा नासवायची, मग औषध महाग करायचं, मग औषधानं काही झालं की अखत्यारी शोधायची. फार शिस्तीत चाललंय सगळं.

माझं मागणं त्या कचेरीत होतं तेच आहे. जिथं जिथं अशा सुया दिल्या जातात तिथं अ‍ॅड्रेनालिन बिनकुलपाचं, टेबलावर. रुग्णाला थांबवायची वेळ भिंतीवर मराठीत लिहिलेली, म्हणजे सिस्टरला "निघा" म्हणता येणार नाही आणि रुग्णालाही बसायचा हक्क आहे हे कळेल. हातात एक छोटं कार्ड, आमच्या भाषेत. यासाठी विधेयक लागत नाही, मंत्रालयातला एक सही करणारा हात लागतो.

माझं ओमालिझुमॅब बंद केलंय. स्टिरॉइडच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात, उशा पुन्हा रचल्यात. दुसरं कुठलं इंजेक्शन चालेल का, ते डॉक्टर बघतायत. त्यासाठी जिथं जाईन तिथं आत शिरल्याबरोबर मी आधी कपाटाची किल्ली कुणाकडं आहे ते विचारणार आहे, बाकी आपलं परिपत्रक निघो न निघो.

उत्तर द्यायचं झालं तर कृपया ज्या खात्याच्या अखत्यारीत हे येतं त्याच खात्यानं द्यावं. ते कुठलं, हे आपसांत ठरवून घ्यावं.

आपली,
चेंबूरची एक दमेकरी