चांदीच्या वाटीचा विश्वास फवाऱ्याला लावू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभागृहात निर्जंतुकीकरणासाठी आलेल्या माणसांनी ‘नॅनो सिल्व्हर’ असे लिहिलेल्या डब्यातला द्राव यंत्राने धुक्यासारखा फवारला. त्यात चांदी किती, कण केवढे आणि सभागृह किती वेळ बंद ठेवायचे, असे मी विचारले, तेव्हा “काकू, चांदीच आहे, चांदीच्या वाटीतून बाळाला दूध पाजतोच की आपण,” असे उत्तर मिळाले. दोष त्या मुलाचा नाही. बारशाची वाटी आणि काजूकतलीवरचा वर्ख यांमुळे चांदीबद्दल आपल्या सर्वांच्याच मनात हा विश्वास आहे. मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले, आणि पदार्थ तोच असला तरी तो शरीरात कोणत्या वाटेने शिरतो यावर परिणाम ठरतो, हे या निमित्ताने आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

नॅनोकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण; आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. असे कण श्वासाबरोबर थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि तिथे हवा व रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरपेक्षाही, म्हणजे हजार नॅनोमीटरपेक्षाही, पातळ असतो. कण जितका लहान तितका त्याच वजनाच्या चांदीचा पृष्ठभाग मोठा, आणि त्या पृष्ठभागावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सुटत राहतात. जंतूंना मारणारे हेच आयन आपल्या पेशींवरही ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात आणि त्यातून दाह सुरू होतो.

दक्षिण कोरियातील संशोधकांनी उंदरांना सुमारे १८ नॅनोमीटरच्या चांदीच्या कणांनी भरलेल्या हवेत रोज सहा तास, आठवड्यातून पाच दिवस, असे ९० दिवस ठेवले. मात्रा वाढली तसा वायुकोशांचा दाह वाढला, फुप्फुसांची कार्यक्षमता घटली आणि यकृतातही बिघाड दिसला, म्हणजे चांदी फुप्फुसात थांबली नव्हती. हृदयाच्या बाबतीत, श्वासनलिकेतून २० नॅनोमीटरची चांदी दिलेल्या उंदरांमध्ये रक्तपुरवठा तात्पुरता तोडून पुन्हा सुरू केल्यावर हृदयाच्या स्नायूची हानी अधिक झाल्याचे आढळले आहे. हे सारे प्राण्यांवरचे प्रयोग आहेत आणि माणसांतील थेट पुरावा अजून तुटपुंजा आहे, हे मला मान्य आहे. तरीही एडिंबरा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास डोळ्यांआड करता येत नाही. त्यात निरोगी स्वयंसेवकांनी श्वासावाटे घेतलेले सोन्याचे नॅनोकण त्यांच्या रक्तात सापडले आणि तीन महिन्यांनंतरही टिकून होते, शिवाय पक्षाघाताचा धोका असलेल्या रुग्णांच्या मानेतील रोहिणीत साचलेल्या थरांतही ते आढळले. सोने तर निष्क्रिय धातू. आयन सोडणाऱ्या चांदीबाबत आपण अधिक सावध असायला हवे.

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामाच्या ठिकाणच्या हवेत एकूण चांदीसाठी घनमीटरला १० मायक्रोग्रॅम अशी शिफारस पूर्वीच केली होती. २०२१ साली नॅनो आकाराच्या चांदीसाठी तिने आठ तासांच्या पाळीत सरासरी ०.९ मायक्रोग्रॅम ही वेगळी मर्यादा सुचवली. धातू तोच, पण कण लहान म्हणून मर्यादा सुमारे अकरापट कडक. कापडाला नॅनो चांदीचे लेपन करणारे, तिची भुकटी पोत्यांतून ओतणारे आणि दिवसभर फवारणी करत फिरणारे कामगार साध्या रुमालानिशी हे काम करत असतील, तर त्यांची काळजी आमच्या सभागृहापेक्षा कितीतरी अधिक वाटते.

चांदीच्या औषधी उपयोगाला माझा विरोध नाही. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलमांनी मोठे काम केले आहे. मलम त्वचेवर राहते, धुके छातीत जाते. ह्युमिडिफायरच्या (खोलीतली हवा दमट ठेवणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात घालायच्या, सुरक्षित म्हणून विकल्या गेलेल्या जंतुनाशकामुळे दक्षिण कोरियात फुप्फुसे निकामी होऊन माणसे दगावत असल्याचे २०११ साली उघड झाले. ते रसायन चांदीचे नव्हते, पण चूक हीच होती: त्वचेला चालते ते श्वासालाही चालेल, हे गृहीत धरले गेले.

युरोपात जंतुनाशकाच्या वेष्टनावर घटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ असे लिहिणे २०१३ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडे हा शब्द सध्या जाहिरातीसाठी मिरवला जातो. तो कणांचा आकार, चांदीचे प्रमाण आणि श्वासावाटे चाचणी झाली आहे की नाही, या माहितीसह छापणे सक्तीचे करावे, आणि राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने फवारणी व लेपनाच्या जागांची हवा तपासावी, ही माझी विनंती आपण छापावी. तोवर सोसायट्यांनी, शाळांनी आणि विशेषतः दम्याचे व हृदयरोगाचे रुग्ण असलेल्या घरांनी फवाऱ्याऐवजी साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसून घ्यावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली