भुसावळच्या काकांना, डेव्हनच्या किनाऱ्यावरून

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच "जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यालगत धावणाऱ्या पेंटन ते किंग्सवेअर या वाफेच्या गाडीचं चित्रीकरण मनासारखं झालं, आणि ते वाफेच्या इंजिनांवर राबलेल्या तुमच्यामुळे झालं. जेमतेम पावणेसात मैलांचा हा फाटा. 1864 मध्ये रूळ किंग्सवेअरला पोचले, 1972 मध्ये ब्रिटिश रेल्वेने तो विकून टाकला, आणि तरी इथे अजून कोळशावर गाडी धावते. (किंग्सवेअरच्या समोर, डार्ट नदीपलीकडे डार्टमथला रेल्वे स्टेशन बांधलं होतं, पण तिथे रूळ कधी गेलेच नाहीत. तिकीट काढून लोक होडीने अलीकडे यायचे. हे तुम्हाला नक्की आवडेल.)

गुडघ्यांमुळे तुम्हाला एक्सेटरच्या घरून येता आलं नाही, पण नकाशा मात्र मागवून घेतलात. वाटेवरच्या गुडरिंग्टनच्या पुळणीचं तोंड पूर्वेला आहे हे बघून म्हणालात, सकाळची गाडी धर, ऊन तुझ्या पाठीवरून थेट इंजिनावर पडेल. वारा समुद्राकडून असेल तरच वाळूवर उभी राहा, नाहीतर धूर खाली येऊन अर्धे डबे गिळेल. भरतीची वेळही पाहायला लावलीत. ओहोटीला मागे सरकायला जागा मिळते, म्हणून धुरांड्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत अख्खी गाडी चौकटीत बसली.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीचे. "पोरी, धूर काय बघतेस, ठोके ऐक," म्हणालात. म्हणजे धुरांड्यातून सुटणाऱ्या वाफेचे. दोन सिलिंडरचं इंजिन, चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. गुडरिंग्टन सुटलं की चर्स्टन स्टेशनकडे खडा चढ लागतो. 7827 लिडम मॅनर, 1950 मध्ये स्विंडनच्या कारखान्यात बांधलेलं हिरवं इंजिन, त्या चढाला लागलं आणि मी डोळे मिटून मोजत राहिले. आधी सुटे सुटे, जड ठोके. मग एकमेकांना चिकटत गेले. डोळे उघडले तर धुरांड्यातून काळा धूर, काही क्षणांत राखाडी, मग जवळजवळ काहीच नाही. आत फायरमनने भट्टीत कोळशाची चार फावडी टाकली होती, पसरून, थोडी थोडी, तुम्ही सांगितलंत तशीच. जास्तीची वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह एकदाही उडला नाही. उडत राहिला तर वाफ फुकट गेली, म्हणजे कोळसा आणि माणसाची मेहनतही फुकट, हे तुम्ही किती कळवळून सांगितलं होतं!

या गाडीची असंख्य चित्रणं मी पाहिली आहेत. निळा समुद्र, रंगीत केबिनी, हात हलवणारी मुलं, सगळं सुंदर. पण भट्टीपुढे वाकलेला माणूस बहुतेकांत नसतो. माझ्या चित्रणात तो दिसत नसला तरी ऐकू येतो. भुसावळ-बडनेरा मार्गावर, मे महिन्यात, डब्ल्यूजी जातीच्या, मालगाडीच्या वाफेच्या इंजिनावर तुम्ही उभ्याने काढलेल्या रात्रपाळ्यांबद्दल ऐकलं नसतं, तर मला तो ऐकू आला नसता. त्या कामाची इतकी बारीक आठवण तुम्ही ठेवलीत आणि मोकळ्या हाताने मला दिलीत, याचं ऋण मोठं आहे.

रविवारी येते आहे, काकूंना सांगा. चित्रण पेन ड्राइव्हवर आणते. गाणं-बिणं काही घातलेलं नाही, मूळ आवाज जसाच्या तसा आहे. चढावर एका ठिकाणी ठोके अचानक मऊ होतात, पण गाडीचा वेग कमी झाल्यासारखा वाटत नाही. ड्रायव्हरने तिथे नेमकं काय केलं, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

तुमची,
पुळणीवरची पोरगी