यादीत नाही म्हणून बेंचमार्क नाही, असे नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्याच्या विश्वामित्री नदीने काळा घोडा पुलाजवळ ३५ फुटांची पातळी ओलांडली. आपल्या सोसायटीचे जोते त्या पाण्याच्या किती वर किंवा खाली आहे, हे जाणून घ्यायची इच्छा तेव्हापासून अनेकांना असणे साहजिक आहे. त्यासाठी जवळचा बेंचमार्क, म्हणजे मोजून ठेवलेल्या उंचीची पक्की खूण, लागतो. शोधायला निघावे तर एखाद्या जुन्या पुलाच्या दगडावर खूण दिसते, पण सर्वे ऑफ इंडियाच्या यादीत तिचा पत्ता नसतो. मग खूण खोटी की यादी अपुरी, असा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा दोन्ही नाही.

खूण दुसऱ्याच खात्याची असणे, हे सर्वांत मोठे कारण. देशाच्या लेव्हलिंगच्या (उंची मोजण्याच्या) जाळ्यातील बेंचमार्क सर्वे ऑफ इंडियाचे, त्यांवर सहसा ‘जीटीएस’ (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्वे) अशी अक्षरे असतात. रेल्वे, पाटबंधारे, रस्ते खाते आणि महापालिका आपापल्या कामापुरते बेंचमार्क घालतात. त्यांच्या उंच्या त्या त्या कामाच्या लेव्हल बुकात राहतात आणि शेवटचे बिल निघाले की बुक कपाटात जाते. ते देशाच्या यादीत पाठवण्याचा रिवाजच नाही. शिवाय अशा कित्येक कामांत सुरुवातीच्या खुणेला सोयीने १०० मीटर धरलेले असतात. ती उंची कामापुरती अगदी बरोबर, पण समुद्रसपाटीशी तिचा काही संबंध नसतो. अशी खूण राष्ट्रीय यादीत नसते तेच बरे.

लेव्हलिंग नीट झालेले असूनही खूण बाहेर राहू शकते. एखादी ओळ मुख्य मार्गावरून निघून गावापर्यंत गेली आणि परत कुठे जोडलीच नाही, तर चूक पकडायला जागा उरत नाही. जाण्या-येण्याच्या वाचनांत मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर ओळ पुन्हा करावी लागते आणि तोवर आकडा अंतिम ठरत नाही. शिवाय भूस्थानिक (नकाशे-मोजणीची) माहिती खुली करण्याची मार्गदर्शक तत्त्वे १५ फेब्रुवारी २०२१ ची. त्याआधीची बरीच माहिती होती, पण सर्वांसाठी नव्हती.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पुरलेला दगड तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून एप्रिलमध्ये मोजलेली उंची सप्टेंबरमध्ये जुळली नाही, तर आधी दगडाकडे पाहावे, यंत्राला दोष नंतर द्यावा. पुलाच्या पायावरची किंवा जुन्या भक्कम इमारतीच्या जोत्यावरची खूण त्यामानाने विश्वासाची. रस्ता रुंद करताना, मीटरगेज-नॅरोगेज बदलताना किंवा नदीचे काठ खोदताना मात्र अशाही खुणा जातात. हललेला दगड कुणी सद्भावनेने उचलून पुन्हा बसवला, तर ते सर्वांत वाईट: खूण दिसते जुनी, उंची असते नवी.

उलट प्रकारही घडतो. खूण यादीत असते, पण जागेवर सापडत नाही. जुन्या बेंचमार्कांचे अक्षांश-रेखांश पुष्कळदा नकाशावरून वाचलेले. रेखांश-अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण ३० मीटर. त्यात जुने आकडे एव्हरेस्ट या जुन्या भारतीय पद्धतीचे आणि मोबाइल दाखवतो जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीचे. बडोद्याच्या परिसरात या दोहोंत शंभरेक मीटरचा फरक पडतो, म्हणजे तुम्ही भलत्याच गल्लीत उभे राहता. वर्णन वाचूनच शोधावे, आणि डांबराच्या थराखालीही पाहावे.

उंचीचे आकडे एकमेकांशी जुळवताना तर फारच काळजी हवी. १९०९ साली पूर्ण झालेल्या पहिल्या जाळ्याची उंची आणि नव्या आयव्हीडी २००९ (इंडियन व्हर्टिकल डेटम, उंचीचा नवा राष्ट्रीय आधार) ची उंची एक नाही, म्हणून यादीत कोणती लिहिली आहे ते आधी पाहावे. जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या) यंत्राचा कच्चा आकडा तिसराच, तो पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेला. बडोद्यात तो चक्क उणे येतो, कारण इथे समुद्रसपाटीचा पृष्ठभाग गणिती लंबगोलाच्या पन्नास मीटरांहून अधिक खाली आहे. आजवा जलाशयाचे २१२ फूट आणि काळा घोड्याचे ३५ फूट एकाच बातमीत शेजारी छापले जातात. पहिले समुद्रसपाटीपासूनचे आहेत, दुसरे नदीतल्या पट्टीच्या शून्यापासूनचे. त्यांची वजाबाकी करून काही निघत नाही.

ज्यांना जोते मोजून घ्यायचे आहे त्यांनी एका बेंचमार्कवर थांबू नये. दोन घ्यावेत आणि त्यांच्या उंचीतील छापील फरक आधी स्वतः मोजून पाहावा. तो जुळला तरच पुढे जावे. मागचे आणि पुढचे वाचन जवळपास समान अंतरावरून घ्यावे, दुपारच्या झळांत काम करू नये, स्टाफचा (उभ्या धरायच्या मोजपट्टीचा) खालचा अर्धा मीटर वाचू नये. शेवटी सुरुवातीच्या खुणेवर परत यावे. ४ किलोमीटरच्या फेरीत २४ मिलिमीटरपर्यंतची तफावत चालते (१२ गुणिले किलोमीटरचे वर्गमूळ). जास्त आली तर पुन्हा मोजावे, तफावत सगळ्या खुणांवर वाटून मोकळे होऊ नये.

महापालिकेला मागणी एवढीच, की शहरातील आपल्या सर्व बेंचमार्कांची यादी संकेतस्थळावर घालावी. प्रत्येकाजवळ फोटो, वर्णन, उंची, ती कोणत्या आधारावर आणि कोणत्या महिन्यात मोजली, तसेच शेवटची तपासणी केव्हा झाली, हे सर्व असावे. काळा घोडा पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीही त्याच पानावर द्यावी. हरवलेले बेंचमार्क यादीतून पुसू नयेत, ‘नष्ट’ अशी नोंद करून ठेवावेत. नवे घालायचे असतील, तर काळ्या मातीच्या भेगा जातात त्याखाली पाया न्यावा.

आपले,
लेव्हलिंगच्या कामातील काही वाचक
दांडिया बाजार, बडोदा