ॲबट्सबरीचं कोठार

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आईला फोनवर गुडघ्याचं विचारलं की "बरंय" एवढंच उत्तर येतं. बाबा, खरं काय ते तुम्ही लिहा.

परवा इथे इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर ॲबट्सबरीला गेलो होतो. लोक तिथे हंस बघायला जातात. मुलांनी आणि ह्यांनी हंस बघितले, मी कोठारापाशी रेंगाळले. साधारण सन १४०० चं, ख्रिस्ती मठाचं दगडी धान्यकोठार. लांबी २७२ फूट, रुंदी जेमतेम ३१. अर्ध्यावर अजून शाकारलेलं छप्पर आहे. उरलेल्या अर्ध्याच्या नुसत्या भिंती, वर आभाळ.

बाबा, तुम्ही असतात तर आधी दारं बघितली असतीत. अशा कोठारांना समोरासमोर दारं ठेवत. भरलेली गाडी एकीकडून आत, रिकामी दुसरीकडून बाहेर. मधे मळणी, आणि दोन्ही दारं सताड उघडली की त्याच वाऱ्यावर उफणणी. पेंढ्या रचून ठेवायच्या आणि थंडीभर सवडीने झोडपायच्या. इथल्या पावसात उघड्यावरचं खळं कुणाला परवडणार!

धान्य काही मठाच्या शेतातलं, बाकी दशमांशाचं. दर दहावी पेंढी चर्चची. कोकरं, लोकर, अंडीसुद्धा सुटत नसत. आणि हा दहावा हिस्सा सगळ्या पिकावर; बी-बियाणं, मजुरी काही वजा नाही. मला आजोबांची लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीने घालावी लागणारी ज्वारी आठवली. ते किती चिडायचे! पण लेव्हीला कमी का होईना, भाव तरी मिळायचा.

आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला. चर्च पाडलं, दगड गावातल्या घरांना लागले. कोठाराला कुणी हात लावला नाही, कारण नव्या जमीनदारालाही धान्य ठेवायला जागा हवीच होती. आई म्हणेल, देवाचं गेलं आणि वसुलीचं राहिलं. मलाही तसंच वाटलं. वसुली तर खरंच राहिली: देशभर मठांचे दशमांशाचे किती तरी हक्क जमीनदारांच्या हाती गेले, आणि पेंढ्यांऐवजी रोख घ्यायचा कायदा व्हायला १८३६ साल उजाडलं.

फोटो दादाच्या व्हॉट्सॲपवर टाकलेत. आणि बाबा, आपल्या वाड्यातल्या पेवात धान्य किती वर्षं टिकायचं? ह्यांच्याशी पैज लागली आहे, लवकर कळवा.

तुमची,
धाकटी