बर्लिनची भिंत दोन जर्मनींच्या सीमेवर नव्हती

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, सामान्य ज्ञानाच्या सदरात, सातवा प्रश्न असा होता : ‘पूर्व आणि पश्चिम जर्मनी यांच्या सीमेवर १९६१ साली बांधलेल्या भिंतीचे नाव काय?’ पानाच्या तळाशी उलट्या अक्षरांत छापलेले उत्तर होते, ‘बर्लिनची भिंत’. उत्तराबद्दल माझी तक्रार नाही. चूक प्रश्नातच आहे, आणि ती केवळ आपल्या सदरातली नाही. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. बत्तीस वर्षे भूगोल शिकवल्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, या वेळी गप्प बसवले नाही.

निमित्त झाले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे. तो सध्या परीक्षांची तयारी करतो. सदराचे कात्रण आणि नकाशाचे पुस्तक घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, “बाई, यात बर्लिन सीमेच्या जवळपासही नाही. मग भिंत नेमकी होती तरी कुठे?” मी कपाटातला १९९०च्या आधीचा शालेय नकाशासंग्रह काढला. त्यात पश्चिम जर्मनी पिवळ्या रंगात आहे, पूर्व जर्मनी गुलाबी रंगात, आणि बर्लिनचा ठिपका गुलाबी रंगाच्या अगदी आत. सीमेवरच्या हेल्मश्टेट गावापासून बर्लिनपर्यंत दोरा लावून त्याने अंतर मोजले. सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आले. मोटारीच्या रस्त्याने ते सुमारे १७० किलोमीटर भरत असे.

दोन जर्मनींची सीमा उत्तरेला ल्युबेक शहराजवळ बाल्टिक समुद्रापाशी सुरू होऊन दक्षिणेला होफ शहराजवळ चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीला भिडत होती. तिची लांबी सुमारे १,४०० किलोमीटर होती आणि ती बर्लिनला कुठेही शिवत नव्हती. पराभूत जर्मनीचे विभाग कसे पाडायचे याचा आराखडा दोस्त राष्ट्रांनी सप्टेंबर १९४४ मध्येच लंडनमध्ये तयार केला होता. त्यात देशाची वाटणी वेगळी आणि राजधानीची वेगळी, असे ठरले. त्यामुळे बर्लिन सोव्हिएत विभागाच्या, म्हणजे पुढच्या पूर्व जर्मनीच्या, मधोमध असूनही त्या एका शहराचे स्वतंत्र हिस्से पडले. फ्रान्सला पुढे १९४५ मध्ये वाटा मिळाल्यावर ते चार झाले. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याकडच्या बारा उपविभागांचे पश्चिम बर्लिन झाले, तर सोव्हिएत ताब्यातल्या आठ उपविभागांचे पूर्व बर्लिन. सुमारे ४८० चौरस किलोमीटरचे आणि वीस लाखांवर वस्तीचे हे पश्चिम बर्लिन, चहूबाजूंनी पूर्व जर्मनीने वेढलेले, पंचेचाळीस वर्षे तसेच राहिले.

हे चित्र डोळ्यांसमोर नसेल, तर पुढच्या कोणत्याच घटनेची संगती लागत नाही. जून १९४८ मध्ये पश्चिमेकडच्या विभागांत नवे चलन आले, ते पश्चिम बर्लिनमध्येही लागू झाले आणि २४ जूनला सोव्हिएत संघाने शहराकडे येणारे रस्ते, रेल्वे व कालवे बंद केले. शहर सीमेवर असते, तर अशी नाकेबंदी करताच आली नसती. मागचे दार उघडेच राहिले असते. आकाशातून जाणारे तीन मार्ग मात्र आधीच्या लेखी करारामुळे खुले होते. तेवढ्या आधारावर १२ मे १९४९ पर्यंत, आणि साठा करण्यासाठी त्यानंतरही काही महिने, विमानांनी या शहराला पोसले. एकूण पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्या झाल्या आणि सुमारे तेवीस लाख टन माल उतरला. त्यात निम्म्याहून बराच अधिक होता तो कोळसा. विमानातून कोळशाची पोती आणावी लागत होती, एवढे सांगितले की वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलालाही वेढा म्हणजे काय ते कळत असे.

आता भिंतीकडे येते. दोन जर्मनींची खरी सीमा पूर्व जर्मन सरकारने मे १९५२ मध्येच बंद करायला घेतली होती. काटेरी कुंपण, पाऊल उमटेल अशी नांगरलेली दहा मीटरची पट्टी, पाचशे मीटरचा संरक्षित पट्टा आणि त्यामागे पाच किलोमीटरचे प्रतिबंधित क्षेत्र, असा तो बंदोबस्त होता. उघडे राहिले ते फक्त बर्लिन. तेथे चार सत्तांचा संयुक्त अधिकार असल्याने शहरातली लोकल आणि भुयारी रेल्वे एका भागातून दुसऱ्या भागात धावत राहिली. लाइपझिग किंवा ड्रेस्डेनच्या माणसाला देश सोडायचा असेल, तर तो पूर्व बर्लिनला येई, काही फेनिगांचे तिकीट काढून लोकलमध्ये बसे आणि पश्चिमेकडच्या स्थानकावर उतरे. तेथून मारिएनफेल्डच्या निर्वासित छावणीत नोंदणी आणि पुढे विमानाने पश्चिम जर्मनी. पुष्कळ लोक हाती फार सामान घेत नसत, कारण मोठी पेटी दिसली की वाटेतच चौकशी होण्याची भीती. १९४९ ते १९६१ या काळात पंचवीस लाखांहून अधिक माणसे पूर्व जर्मनीतून निघून गेली आणि त्यांत तरुण, डॉक्टर, अभियंते यांचा भरणा मोठा होता.

हे भगदाड बुजवण्यासाठी भिंत आली. १५ जून १९६१ रोजी पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उल्ब्रिश्ट यांनी पत्रकार परिषदेत, भिंत बांधण्याचा कोणाचाही इरादा नाही, असे सांगितले होते. दोन महिनेही उलटले नाहीत तोच १३ ऑगस्टच्या पहाटे, रविवारची सुट्टी साधून, काटेरी तारा पडल्या आणि काही दिवसांत तारांच्या जागी विटा-काँक्रीट आले. या भिंतीचा पूर्ण वेढा सुमारे १५५ किलोमीटरचा होता. त्यांपैकी जेमतेम ४३ किलोमीटर दोन बर्लिनांच्या मधून जात होते. उरलेले सुमारे ११२ किलोमीटर पश्चिम बर्लिन आणि भोवतालचा पूर्व जर्मन ग्रामीण भाग यांच्यामध्ये होते. म्हणजे भिंतीचा बराच मोठा हिस्सा शहर दुभागणारा नव्हताच, तो शेते, जंगले आणि तळ्यांच्या कडेने फिरणारा होता. गंमत अशी की वर्तुळ पश्चिम बर्लिनभोवती काढले होते, पण त्यातून अडवले गेले ते वर्तुळाबाहेरचे लोक.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे बर्लिनला गेले असताना मी बेर्नाउअर श्ट्रासे या रस्त्यावर एक सबंध सकाळ घालवली. येथे सीमा घरांच्या दर्शनी भिंतीलगतच होती : घर पूर्वेत आणि दारापुढचा पदपथ पश्चिमेत. ऑगस्ट १९६१ मध्ये आधी तळमजल्याची दारे-खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या, मग वरच्या मजल्यांच्या. मधल्या दिवसांत लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या घेतल्या. अग्निशमन दलाचे जवान खाली जाळी धरून उभे असत. २२ ऑगस्टला इडा झीकमान या बाईंनी तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि त्या गेल्या. भिंतीपायी मृत्यू पावलेल्यांत त्यांचे नाव पहिले आहे. अशा मृत्यूंची नोंद झालेली संख्या किमान १४० आहे. शहराच्या मध्यभागी आज डांबरी रस्त्यात दगडी चिऱ्यांची दुहेरी ओळ बसवून भिंतीची जागा दाखवली आहे. मी त्या ओळीवरून चालत होते आणि शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत, खाली न पाहता, ती ओलांडून निघून गेली.

नकाशाची आवड असणाऱ्यांसाठी एक उदाहरण आवर्जून देते. श्टाइनश्ट्युकन नावाची सुमारे बारा हेक्टरांची छोटी वस्ती कागदोपत्री पश्चिम बर्लिनची होती, परंतु मुख्य शहरापासून तुटून पूर्व जर्मनीच्या हद्दीत पडलेली. बेटाच्या पलीकडे आणखी एक बेट. भिंतीनंतर तेथल्या रहिवाशांना किराणा आणायलाही पूर्व जर्मन पहारेकऱ्यांसमोरून जावे लागे. सप्टेंबर १९६१ मध्ये अमेरिकी जनरल ल्युशियस क्ले स्वतः हेलिकॉप्टरने तेथे उतरले आणि त्यानंतर काही अमेरिकी सैनिक वस्तीतच मुक्कामाला राहू लागले. अखेर जमिनींची अदलाबदल होऊन १९७२ मध्ये सुमारे एक किलोमीटरचा रस्ता मिळाला, दोन्ही बाजूंनी भिंत असलेला. भारत आणि बांगलादेश यांनी २०१५ मध्ये एकमेकांच्या हद्दीत अडकलेली आपापली अशी छिटमहले परस्परांना दिली, तेव्हा वर्तमानपत्रातला नकाशा पाहून मला प्रथम श्टाइनश्ट्युकन आठवले होते.

दोन जर्मनींच्या सीमेवर भिंती मुळीच नव्हत्या, असेही माझे म्हणणे नाही, अन्यथा एखादा जाणकार वाचक मलाच पकडील. पश्चिमेकडचा बव्हेरिया आणि पूर्वेकडचा थुरिंगिया यांच्या हद्दीवर म्योडलारॉइट नावाचे एक खेडे आहे. त्याच्या मधून टानबाख हा ओढा वाहतो आणि तोच सीमा ठरला. १९६६ मध्ये तेथे सुमारे सातशे मीटर काँक्रीटची भिंत बांधली गेली आणि अमेरिकी सैनिक त्या खेड्याला ‘छोटे बर्लिन’ म्हणू लागले. पण हा अपवाद आहे. बाकी सीमेवर प्रामुख्याने धातूच्या जाळीची कुंपणे, टेहळणीचे मनोरे आणि बराच काळ भूसुरुंग होते, आणि त्या सगळ्याला ‘बर्लिनची भिंत’ म्हणणे म्हणजे वाघा सीमेच्या कुंपणाला दिल्लीची तटबंदी म्हणण्यासारखे आहे.

याच गैरसमजातून दुसरी चूक जन्मते, तीही आपल्या सदरात यापूर्वी येऊन गेली आहे : पश्चिम बर्लिन हे पश्चिम जर्मनीचे एक साधे शहर, किंवा तिची राजधानी, असे मानणे. राजधानी बॉन होती. पश्चिम बर्लिनवर अखेरपर्यंत तीन विजेत्या राष्ट्रांचा अधिकार कायम राहिला. तेथल्या रहिवाशांचे ओळखपत्र वेगळे होते, तेथल्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा नव्हती, बॉनच्या संसदेतल्या तेथल्या प्रतिनिधींना पूर्ण मताधिकार नव्हता. जर्मनीच्याच लुफ्तान्साला तेथे विमान उतरवता येत नसे. ती मुभा तिन्ही विजेत्या राष्ट्रांच्या विमान कंपन्यांनाच होती.

तारखांचाही उल्लेख करून ठेवते, कारण पर्यायी प्रश्नांत त्या हमखास एकमेकींच्या जागी येतात. ९ नोव्हेंबर १९८९ हा भिंतीची दारे उघडल्याचा दिवस. त्या संध्याकाळी पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीचे नेते ग्युंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाचे नवे नियम कधीपासून लागू, या प्रश्नाला हातातले कागद चाळत ‘तत्काळ’ असे उत्तर दिले आणि रात्री बोर्नहोल्मर श्ट्रासेच्या नाक्यावर गर्दीपुढे अडसर उचलावा लागला. जर्मनीचे एकीकरण झाले ते ३ ऑक्टोबर १९९० रोजी. संसद व सरकार बर्लिनला हलवण्याचा ठराव त्यानंतर, २० जून १९९१ रोजी, ३३८ विरुद्ध ३२० अशा निसटत्या बहुमताने संमत झाला.

तेव्हा विनंती अशी की, येत्या रविवारी त्या प्रश्नाची दुरुस्ती छापावी. ‘पश्चिम बर्लिनला वेढणारी भिंत कोणत्या साली उभारली गेली?’ एवढे पुरे आहे. सोबत माझ्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने काढलेला नकाशा जोडत आहे. प्रमाण एक सेंटिमीटरला पंचवीस किलोमीटर. त्यात पश्चिम बर्लिन जेमतेम एक सेंटिमीटरचे आले आहे, त्यामुळे छापताना तो एका स्तंभात बसवू नये, दोन स्तंभांची जागा द्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा