जन्मकार्डावरची आडवी रेघ

महोदय,

माझी नात दिवस भरून, ३८व्या आठवड्यात जन्मली, तेव्हा तिचे वजन १ किलो ९०० ग्रॅम होते. ‘आईही बारीकच आहे, भरेल अंग पुढे’ असे म्हणून सर्वांनी आम्हाला निर्धास्त केले. अंग भरले, उंची मात्र साडेपाचव्या वर्षी ९८ सेंटिमीटरच होती. हार्मोनतज्ज्ञांनी सर्वप्रथम विचारले ते जन्माच्या वेळची लांबी आणि गर्भाचे आठवडे. प्रसूतिगृहाच्या कार्डावर लांबीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ होती आणि आठवड्यांचा उल्लेखच नव्हता. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेतून सुनेची सोनोग्राफीची फाईल शोधून काढावी लागली.

अडीच किलोंहून हलक्या बाळांना आपण सरसकट ‘कमी वजनाची’ म्हणतो. पण अपुऱ्या दिवसांचे बाळ वेगळे आणि दिवस भरूनही पोटात नीट न वाढलेले वेगळे. या दुसऱ्या प्रकारातील दहापैकी साधारण नऊ मुले दोन वर्षांची होईपर्यंत उंचीची तूट भरून काढतात. जी मागे राहतात त्यांच्या शरीरात वाढीचे हार्मोन बहुधा कमी नसते, तरीही तेच बाहेरून देण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००१ साली आणि युरोपात २००३ साली (तेथे वयाच्या चौथ्या वर्षानंतर) मान्यता मिळाली. रोज रात्री पेनने इंजेक्शन, फ्रिजमध्ये जपायचे औषध, मुलाच्या वजनागणिक वाढणारा डोस आणि त्याबरोबर चढणारा खर्च, असे अनेक वर्षे चालल्यावर अंतिम उंचीत भर पडते ती सरासरी सहा सेंटिमीटरच्या आसपास. तेवढ्यासाठी हा खटाटोप करावा का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. शिवाय या हार्मोनने इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, आणि आपली बाळे दिसायला कृश असली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. त्यामुळे रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणे आलेच.

निर्णय काहीही होवो, तो वेळेवर घेता यावा यासाठी आधी नोंद हवी. बाळाला पाटीवर निजवून लांबी मोजायला दोन माणसे आणि दोन मिनिटे पुरतात. प्रसूतिगृहांनी ती लांबी आणि गर्भाचे आठवडे कार्डावर न चुकता लिहावेत, आणि अंगणवाडीत दोन वर्षांवरील मुलांची उंची वजनाइतक्याच काटेकोरपणे नोंदवली जावी, ही विनंती.

— एक आजोबा, सातारा