हशा आला नाही म्हणून

नाशिकरोड, रविवार

प्रिय सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री उशिरा आलेला लांबलचक मेसेज सकाळी आईलाही वाचून दाखवला. फोनवर हा विषय धड बोलून होणार नाही, म्हणून लिहायलाच बसलो. तू म्हणतेस, "यशावर पूर्ण विश्वास असला की यश येतंच, असं सगळे सांगतात. मी तर ठेवला होता. मग पुण्यातला माझा स्टँडअप कॉमेडीचा शो पडला, म्हणजे माझा विश्वासच कमी पडला ना?"

शो पडल्याचं मला काही वाटलं नाही. शो पडतात. पण त्याचं खापर तू ज्यावर फोडलंस, त्याने मी अस्वस्थ झालो. विनोद पडला तर विनोदात काय चुकलं ते बघायचं असतं. मनात काय कमी होतं ते शोधत बसलीस, तर विनोद आहे तसाच राहील आणि तू मात्र आतून खचत जाशील. "विश्वास ठेवा, मिळेलच" असं सांगत फिरणाऱ्या लोकांचा मला याच कारणासाठी राग येतो. मिळालं तर श्रेय त्यांच्या मंत्राचं, नाही मिळालं तर दोष ऐकणाऱ्याच्या श्रद्धेचा. दोन्हीकडून त्यांचंच खरं.

तुझाच कुंभमेळ्याचा विनोद घे. "नाशिकमध्ये दोन गोष्टी बारा वर्षांनी येतात, कुंभमेळा आणि नवा रस्ता." इथे गंगापूर रोडच्या कॅफेत तू हे म्हणालीस तेव्हा मागच्या टेबलावरच्या मुलांनी टाळ्या दिल्या. पुण्यात तेच वाक्य, तोच आवाज, तोच विश्वास, आणि समोर शांतता. कारण सरळ आहे. इथल्या प्रत्येकाने २०१५ च्या सिंहस्थाआधीची खोदाई पाहिलीय आणि २०२७ च्या तयारीत तो पुन्हा गाडी वळवून वळवून घरी पोचतोय. पुण्याच्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला आधी एक वाक्य दे, सिंहस्थ आला की नाशिकमध्ये काय काय चालतं ते दाखव, मग पंच, म्हणजे हसवणारं वाक्य, टाक. तुमच्या भाषेत सेटअप कमी पडला. एवढंच झालंय गं, आणि ते दुरुस्त होणारं आहे.

मी हे अंदाजाने सांगत नाहीये. छापखान्यात नोकरीला असताना आम्ही कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत नाटकं करायचो. मी बहुतेक वेळा प्रॉम्प्टर असायचो, विंगेत संहिता घेऊन उभा. तिथून नाटक अर्धंच दिसतं, पण प्रेक्षक पूर्ण ऐकू येतो. तालमीत ज्या वाक्यावर आम्ही पोट धरून हसायचो, तिथे प्रयोगात चिटपाखरूही हसायचं नाही, आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं असं एखादं साधं "बरं" अख्खं थिएटर उचलून धरायचं. जुने नट एक गोष्ट घोकून घ्यायचे: हशा घ्यायला शिका. हशा चढतो, टिकतो, मग उतरायला लागतो. तो उतरता असताना पुढचं वाक्य सुरू करायचं. आधी केलंत तर वाक्य हशात बुडतं, आणि लोक ऐकायला म्हणून गप्प होतात, त्यामुळे हशाही मरतो. याला ते "लाफ्टर खाल्ला" म्हणायचे.

गंगापूर रोडच्या कॅफेत त्या संध्याकाळी पहिली दोन मिनिटं तू स्वतःचे लाफ्टर खात होतीस. पहिल्याच पंचवर काउंटरच्या कॉफी मशीनची वाफ सुटली, तो गेला, आणि तू घाईला आलीस. मग आजीच्या पिशव्यांचा बिट, म्हणजे विनोदी तुकडा, आला. "आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की दोरीवरचे कपडे राहू देतात, आधी दुधाच्या पिशव्या काढतात." हे म्हणून तू थांबलीस. काही बोलली नाहीस. एका हाताने हवेत न दिसणारी पिशवी धरलीस, दुसऱ्या हाताने तिला चिमटा लावलास आणि मान तिरकी करून ती नीट वाळतेय का ते पाहिलंस, हुबेहूब आजीसारखं. हशा एकदा आला, आणि तू तशीच उभी राहिलीस म्हणून पुन्हा आला. माझ्या शेजारची एक मुलगी तिच्या मैत्रिणीला म्हणाली, "आमच्याकडे पण!" तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. यश येणार की नाही हा विचार त्या क्षणी तुझ्या आसपासही नव्हता. तू आजीला बघत होतीस.

आणखी एक. ओपन माईकला, म्हणजे कुणीही नाव देऊन काही मिनिटं करून बघतं त्या कार्यक्रमाला, समोर बसलेले निम्मेअधिक जण स्वतःचा नंबर यायची वाट बघणारेच असतात. वहीत, मोबाईलमध्ये स्वतःच्या ओळी घोकत असतात. वेळ संपत आली म्हणून तुम्हाला टॉर्च दाखवला जातो, तेव्हा यांच्या पोटात गोळा आलेला असतो. अशांच्या गप्प बसण्यावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस.

लहानपणी तुला मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला न्यायचो, आठवतं? शंभर वर्षं उलटून गेलेली ही व्याख्यानमाला उघड्या पटांगणात भरते. तिकीट नाही, दार नाही. वक्ता कंटाळवाणा झाला की लोक उठून घाटावर फिरायला जातात, पुढचा चांगला निघाला की भेळेचा कागद हातात घेऊन परत येतात. मोठमोठ्या माणसांसमोर हे होताना मी पाहिलंय. नाशिककर दुष्ट आहे म्हणून तो उठत नाही. त्याला त्या वेळी ते ऐकावंसं वाटत नाही, इतकंच. समोर बसलेल्या माणसाकडून इतक्या लगेच उत्तर मिळणं हे तुझ्या कलेचं भाग्य आहे. लेखकाला ते कित्येक महिने मिळत नाही.

मोठे झालेलेही याच वाटेने गेले. दादा कोंडके सेवादलाच्या कलापथकात तयार झाले. 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ मध्ये आलं, त्याचे हजारावर प्रयोग झाले, आणि त्यांचा स्वतःचा पहिला सिनेमा आला १९७१ साली. तोवर कुठल्या जागी माणूस हसतो हे त्यांना रात्री-रात्री प्रेक्षकानेच शिकवलेलं होतं. जॉनी लिव्हर हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार होते. साहेबांच्या नकला केल्या, त्यातून ते आडनाव चिकटलं. आम्हा कारखान्यातल्या माणसांना याचं फार कौतुक. त्यांनी नोकरी सोडली ती १९८१ मध्ये, स्टेजचे कार्यक्रम चांगले पैसे द्यायला लागल्यावर. आणि तो अमेरिकेतला स्टीव्ह मार्टिन, तूच मला त्याच्याबद्दल सांगितलं होतंस. अठरा वर्षांच्या स्टँडअपमधली दहा शिकण्यात गेली, चार घासूनपुसून घेण्यात, आणि मोठं यश शेवटच्या चार वर्षांत. विश्वास जास्त ठेवून ती पहिली चौदा वर्षं कमी झाली असती असं मला वाटत नाही.

म्हणून नोकरीबद्दल स्पष्ट सांगतो. "पूर्ण विश्वास असेल तर नोकरी सोड" असं तुझ्या ग्रुपमधलं कुणी म्हणालं, ते मनावर घेऊ नकोस. पगार चालू असला की पडलेला शो फक्त पडलेला शो राहतो. भाडं थकलं की प्रत्येक विनोदाला भाडं कमवावं लागतं, आणि मग नवीन काही करून बघायची हिंमत होत नाही. उद्या महिन्याला पुरेल इतकं या कामातून यायला लागलं तर तू सांगायच्या आधी मीच म्हणेन, सोड. आईचंही हेच मत आहे.

विश्वास लागतोच, पण माझ्या मते तो वेगळ्याच गोष्टीवर हवा. आपल्या घरातली दोरीवरची पिशवी अनोळखी माणसांनी ऐकावी इतकी मोलाची आहे, यावर ठेव. पडलेलं वाक्य बदलून पुढच्या आठवड्यात त्याच खोलीत परत म्हणता येतं, यावर ठेव. मला तुझ्याबद्दल तो आहे. तू मोठ्या थिएटरात उभी राहशील की नाही हे मला माहीत नाही, आणि नाही राहिलीस तरी माझ्या लेखी तुझं काही कमी होणार नाही. पण तुझं बघणं बारीक आहे, लहानपणापासून आहे, आणि ते वाया जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पुण्याच्या शोचं रेकॉर्डिंग पाठव. मी दोन-तीनदा ऐकून कुठे घाई झाली ते मिनिट-सेकंदासह लिहून ठेवतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ आहे. पुढच्या वेळी इथे स्पॉट मिळाला तर आधी कळव, देशपांडे काकूंना आणि खालच्या मजल्यावरच्या पोरांनाही घेऊन येतो. ते कॉमेडियन नाहीत, नुसते ऐकतील.

आजीला मी तो पिशव्यांचा व्हिडिओ दाखवला. तिला राग वगैरे काही आला नाही, दोनदा लावायला लावला. तिचं म्हणणं एवढंच की तू चिमटा चुकीच्या बाजूला लावलास. कापलेला कोपरा खाली येईल अशी पिशवी टांगायची असते, नाहीतर पाणी आत राहतं आणि वास येतो. तेवढं दुरुस्त करून घे.

तुझा,
बाबा